दाराशी ठेवलेला माणूस

१

मंगळवारी संध्याकाळी सगळे सरावाला बसले तेव्हा खेळातलं एक दार उघडायला पन्नास सेकंद लागले. ऋतिकाने घड्याळ लावून मोजले. शोएबने कुवेतमधून दारावर क्लिक केलं आणि पुढे काहीच नाही. सहाच्या सहा खेळाडू आपापल्या स्क्रीनकडे बघत बसलेले, आणि दार आपलं बंदच.

"एवढ्यात मी कशेडी घाट चढून उतरलो असतो," हैदर म्हणाला. हैदरचं महाडच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याची जीभ दुकानाहून मोठी होती.

आता हा खेळ काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, नकाशे मांडतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात, फासे टाकतात आणि जे पडेल ते भोगतात. पूर्वी लोक टेबलाभोवती बसून खेळायचे, आता इंटरनेटवर खेळतात. प्रत्येकाची एक सोंगटी असते आणि सोंगटीला नजर दिलेली असते. तिला जेवढं दिसेल तेवढाच नकाशा उजळतो, बाकी सगळा काळोख. ऋतिका सूत्रधार होती आणि तिचा एक कडक नियम होता: दार खेळाडूनेच उघडायचं, सूत्रधाराने नाही.

तीन वर्षांत ही मोहीम फुगत फुगत एकशे त्रेचाळीस घरांची झाली होती. गोष्ट तशी साधी. ओस पडलेल्या गावांतली घरं एकेक करून उघडायची आणि शेवटच्या घरात कंदील लावायचा. तो कंदील शोएबच्या पात्राकडे होता. तीन वर्षं बिचारा न पेटवता वागवत होता.

शोएब आणि ऋतिका महाडच्या आयटीआयला एकाच बाकावर नकाशे काढायला शिकले. मग तो कुवेतला गेला. पहिल्या महिन्यात तो फोन लावायचा आणि बोलायचा नाही, नुसता बसून राहायचा. म्हणून तिने हा खेळ सुरू केला, त्याच्या सुट्टीच्या वारी, दर शुक्रवारी दुपारी. "शुक्रवार आहे म्हणून बाकीचे सहा दिवस काढतो गं," असं तो एकदा म्हणाला होता आणि म्हणून झाल्यावर स्वतःच हसला होता. आता कंपनी त्याला शनिवारी वाळवंटातल्या साइटवर हलवणार होती. दहा महिने, आणि तिथे धड फोनही लागत नाही. म्हणजे मोहीम संपवायला हा एकच शुक्रवार उरला होता.

दाराला पन्नास सेकंद लागणार असतील तर कंदील लागायचा कधी? ऋतिका त्या रात्री नीट जेवली नाही.

२

बुधवारी दुपारी दीपक सर जेवायला घरी गेले आणि ऋतिकाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खेळ उघडला. कोर्टाजवळच्या माडीवरचं हे दोन टेबलांचं ऑफिस. सर घरांचे प्लॅन करायचे, ऋतिका ते काढायची.

खेळाच्या साइटवर कारभाराचं एक पान असतं. कशापायी किती वेळ जातो, ते तिथे दिसतं. तीन वर्षांत ती तिथे फिरकली नव्हती. चित्रं जड झाली असतील म्हणावं तर नाही. जुन्या गप्पांचं ओझं म्हणावं तर त्या तिने कधीच काढून टाकल्या होत्या. मग तिला एक ओळ दिसली. नजर असलेल्या सोंगट्या: एकशे एकोणपन्नास.

खेळाडू सहा. मग उरलेले एकशे त्रेचाळीस कोण?

तिने कपाळावर हात मारला. अगं, माणूस!

त्याचं असं होतं. एकशे त्रेचाळीस घरं नव्याने रचायला वेळ कुणाला? तिने ऑफिसातले खरे प्लॅनच गुपचूप खेळात चढवले होते. बिरवाडीचं घर, वरंध्याकडचं घर, गिऱ्हाइकाचं नाव पुसायचं की झालं ओसाड गावातलं घर. आणि सरांची एक रीत होती. प्लॅन कितीही छोटा असो, दाराबाहेर उंबऱ्याशी एक माणूस ठेवायचा. वरून दिसणारा, खांद्यांचा लांबट आकार आणि मध्ये डोक्याचा गोल. "माणूस दिसला की गिऱ्हाइकाला दार केवढं ते कळतं," सर म्हणायचे. कागद छापायच्या आधी त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "माणूस ठेवलास का?" तो आकार ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर कधीपासून होता, कुणी काढला, कुणाला ठाऊक नव्हतं. प्लॅन खेळात चढवताना त्या माणसाची आपोआप सोंगटी झाली होती आणि तिला नजरही मिळाली होती.

तिने हैदरला फोन लावला. "घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं. एकशे त्रेचाळीस माणसं तीन वर्षं टक लावून बघतायत, आणि त्यांना काय दिसतंय त्याचं गणित करता करता खेळ मेटाकुटीला आलाय."

"मग काढ की त्यांना."

"एकेक करून काढावी लागतील."

"काढू. मी पण बसतो रात्री, हाय काय नि नाय काय."

ऋतिकाला खुर्चीवर उभं राहून नाचावंसं वाटत होतं. तिने बिरवाडीचं घर उघडलं. उंबऱ्याशी माणूस नव्हता. तो आत होता, स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी.

चढवताना माप सरकलं असेल, तिने ठरवलं. पण माप सरकलं तर भिंती सरकायला हव्यात, पलंग सरकायला हवा. ते सगळं जागच्या जागी होतं. फक्त माणूस आत आला होता. तिने दुसरं घर उघडलं. तिथे तो देवघरापाशी होता. तिसऱ्या घरात मात्र दाराशीच, शहाण्यासारखा.

जिन्यावर सरांच्या चपला वाजल्या. तिने तिघांनाही उडवलं आणि खिडकी बंद केली.

३

गुरुवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. कशेडीच्या पायथ्याच्या बनुबाई होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घराचा प्लॅन याच ऑफिसने केला होता.

"ताई, तुमचा माणूस पुना मोजायला कशाला पाठवलात? घर तर बांधून झालं."

"कोणता माणूस, मावशी?"

"आता मला काय म्हाईत. नाव सांगत नाय. बस म्हटलं तर बसत नाय. चहा ठेवला, तो निवून गेला. सकाळपासून माजघरात उभा हाय."

"काय करतायत ते?"

"बघतोय. माझ्याकडं नाय बघत. घराकडं बघतोय."

ऋतिकाने फोनवर हात धरला. "सर, कशेडीकडे कुणाला पाठवलंत का?"

"कुणाला पाठवणार? ऑफिसात तू आणि मी," सर मान वर न करता म्हणाले. "हायवेवाले असतील. त्यांची मोजणी कधी संपते?"

पटण्यासारखं होतं. तरी ऋतिकाने एका हाताने खेळ उघडला आणि बनुबाईंचं घर शोधलं. खेळाडू या घरात दिवाळीच्या सुमारास येऊन गेले होते. माणूस माजघरात होता. मधोमध, एकटा, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून.

भीती होती, नाही कशाला म्हणा, पण भीतीहून मोठी अशी एक उत्सुकता तिच्या बोटांत आली होती. फटाक्याची वात पेटवताना होतं ना, तसं. तिने सोंगटी निवडली आणि काढून टाकली.

फोनमध्ये कपबशीचा आवाज झाला. मग बनुबाई म्हणाल्या, "गेला वाटतं."

"दारातून गेले?"

"दार नाय वाजलं. मी कप उचलायला वाकले, वर बघते तर नाय. जाताना सांगून जायची रीतच नाय राहिली लोकांना." आणि त्यांनी फोन ठेवला.

ऋतिकाने हे हैदरला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे आता तू खरी माणसं पण डिलीट करायला लागलीस. माझ्या घरमालकाचं बघ ना जरा."

"हैदर, मी चेष्टा करत नाहीये."

"योगायोग आहे. सुतावरून स्वर्ग गाठू नको. शुक्रवार उद्यावर आलाय."

शुक्रवार उद्यावर आला होता हे मात्र खरं. आणि काढलेला माणूस गेला होता, हेही खरं. मग घाबरायचं कशाला? उलट हे काम जितक्या लवकर उरकेल तितकं बरं, असं तिने स्वतःला बजावलं, आणि दुपारी डोकं दुखतंय सांगून ती हैदरच्या दुकानात जाऊन बसली.

४

दोन कॉम्प्युटर, दोन वडापाव, अर्धं ओढलेलं शटर. हैदर घरांच्या यादीत वरून खाली येत होता, ऋतिका खालून वर. घर उघडायचं, माणूस शोधायचा, काढायचा. तासाभरात हात बसला.

"एक गंमत बघितलीस?" हैदर म्हणाला. "जिथे आपण खेळलो त्या घरांत हा आत. जिथे अजून गेलोच नाही तिथे बाहेर दाराशी."

ऋतिकाच्याही ते लक्षात आलं होतं. तिने बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

"आपल्या सोंगट्या आत नेताना त्याचीही ढकलली गेली असणार," हैदर म्हणाला. "दार उघडलं, सगळे घुसले, त्यांच्याबरोबर हाही."

"तसंच असेल."

पाच वाजेपर्यंत एकशे बेचाळीस घरं रिकामी झाली. उरलं फक्त शेवटचं घर, ते ऋतिका आपल्या घरी जाऊन करणार होती, कारण त्याची सजावट तिला कुणालाच दाखवायची नव्हती. हैदरने शोएबला फोन लावला. "भाईजान, कुठलंही दार उघडून बघ."

शोएबने क्लिक केलं. दार उघडलं. तिघांनीही आधी विश्वासच ठेवला नाही. त्याने ते मिटलं, पुन्हा उघडलं, मिटलं, उघडलं, आणि लहान पोरासारखा हसत सुटला. "ऋतिका, अगं बोट उचलायच्या आत उघडतंय." त्याचं ते हसणं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या महिन्यांत तो असा हसला नव्हता.

निघताना तिने कारभाराचं पान पुन्हा बघितलं. नजर असलेल्या सोंगट्या: एकशे एकोणपन्नास.

"जुना आकडा धरून बसलंय ते," हैदर म्हणाला. "खेळ पळतोय ना? मग आकडा चाटायचाय?"

५

शेवटचं घर म्हणजे ऋतिकाचं स्वतःचं घर होतं. पोलादपूरला, स्टँडच्या मागे, दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः प्लॅन काढून बांधून घेतलेलं. बाहेरची खोली, मधली खोली, डाव्या हाताला स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे तिची खोली. मोहिमेचा कंदील आपल्या घरात लागावा असं तिला फार वाटत होतं. नकाशात तिने सोफा, टीव्हीचं टेबल, आपल्या खोलीतली खुर्चीसुद्धा काढली होती.

ती पोचली तेव्हा आई बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. मंजुळा तिचं नाव. गुडघ्यांनी अधू, पण पाहुणा आला की पहिली उठणार.

"दाराशी कोण होतं का गो तू आलीस तेव्हा?" आईने विचारलं.

"नाही. का?"

"मघापासून वाटतंय कोणतरी हाय. ती बघ उन्हाची पट्टी."

दार पश्चिमेला होतं. दुपार कलली की दाराखालच्या फटीतून फरशीवर उन्हाची एक सरळ पट्टी पडायची. आज ती दोन ठिकाणी तुटली होती. दाराबाहेर कुणी पावलं जुळवून उभं राहिलं तर तुटेल तशी. ऋतिकाने खिडकीतून वाकून बघितलं. पायऱ्या मोकळ्या होत्या, ऊन लख्ख पडलं होतं. ती वळली. पट्टी तुटलेलीच होती.

कचरा अडकला असेल फटीत. तिने दार मात्र उघडून बघितलं नाही.

खोलीत जाऊन तिने शेवटचं घर उघडलं. इथे अजून कुणी खेळायला आलं नव्हतं, त्यामुळे माणूस दाराशीच होता. तिने तो काढला. तो तिथेच होता. पुन्हा काढला. तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. पोलादपूरचं नेट म्हणजे बोलायलाच नको, काढलेलं पोचतच नसेल. एका सोंगटीने काय खेळ बुडतोय, म्हणून तिने तो नाद सोडला.

६

शुक्रवारी तिचा नेहमीचा अर्धा दिवस असायचा. त्याबदल्यात ती रविवारी जायची. घरी येऊन जेवण झाल्यावर तिने बाहेरच्या दाराची कडी घातली, वरची आणि खालची दोन्ही, ओढून बघितली. आई सोफ्यावर आडवी झाली.

"पट्टी आलीच नाय आज," आई डोळे मिटता मिटता म्हणाली.

खरंच आली नव्हती. तीन वाजून गेले होते, खिडकीबाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि दाराखाली अख्खी फट काळी होती. ऋतिका क्षणभर तिथे उभी राहिली. आतून तिच्या फोनवर शोएबचा संदेश वाजला: बसलोय. ये लवकर. ती गेली.

हैदर जुम्म्याची नमाज पढून आला होता. बाकीचेही होते. आणि खेळ असा पळाला म्हणता, तीन वर्षांत कधी पळाला नव्हता. फासे पडतायत, सोंगट्या धावतायत, सगळे एकमेकांच्या वर बोलतायत, शोएब ओरडतोय, ऋतिका गोष्ट सांगता सांगता उभी राहिलेली. तिचे गाल तापले होते. साडेचारला सहाही सोंगट्या शेवटच्या घराच्या अंगणात येऊन थांबल्या. सगळीकडे काळोख, फक्त त्यांच्यापुरता उजेड, आणि उंबऱ्याशी तो एक माणूस.

"हा दरवेळी दाराशी कोण असतो?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या ऑफिसचा. त्याच्याकडे लक्ष देऊ नका," ती म्हणाली आणि वाट मोकळी करायला तिने त्याला बाजूला ओढलं.

त्याच्या खाली दुसरा होता.

तिने त्याला ओढलं. खाली तिसरा. मग चौथा, पाचवा, नववा. एकाखाली एक रचलेले, उतरंडीसारखे, सगळ्यांची तोंडं दाराकडे. तिचा हात थांबेना. आकडा जुना नव्हता. बंद दाराला चिकटून उभ्यांना बघायला काही नव्हतं, म्हणूनच खेळ एवढा पळत होता. घरं रिकामी केली तसतसे ते उरलेल्या एका दाराशी येऊन उभे राहिले होते, आणि आत यायला त्यांना फक्त एकच गोष्ट लागत होती, जी प्रत्येक घरात खेळाडूंनी त्यांच्यासाठी केली होती.

"शोएब, थांब," ती म्हणाली. "दार उघडू नको."

मंगळवार असता तर पन्नास सेकंद मिळाले असते. पन्नास सेकंदांत खेळ बंद करता आला असता, नेटची वायर उपटता आली असती. ते वाचवायलाच तर तीन दिवस घालवले होते तिने. तिचं बोलणं कुवेतला पोचायच्या आत शोएबच्या बोटाखाली दार उघडलंही.

"काय म्हणालीस?" शोएबने विचारलं. "लावला गं. कंदील लावला मी."

सगळ्यांनी जल्लोष केला. उजेड बाहेरच्या खोलीभर पसरला, सोफ्यावर, टीव्हीच्या टेबलावर, तिने हौसेने काढलेल्या एकेका वस्तूवर. उंबऱ्याशी आता कुणी नव्हतं. तिने बाजूला ओढलेलेही नव्हते. अंगण रिकामं होतं. कंदिलाचा उजेड मधल्या खोलीच्या दारापर्यंत पोचून संपत होता, आणि तिथे, काळोख सुरू होतो तिथे, खांद्यांचे अर्धे अर्धे आकार दिसत होते, एकाला एक चिकटून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कंदिलाकडे सगळ्यांची पाठ होती.

"ऋतिका, हे कोण एवढे?" हैदरने विचारलं, आणि खेळ अडकला. कुणाची सोंगटी हलेना. आवाजही बंद झाले.

तिने कान दिला. कडीचा आवाज झाला नव्हता. पावलांचाही नाही. बाहेर सोफा करकरला, आईचा गुडघा वाजला, आणि मग आईचा तो खास पाहुण्यांसाठीचा मऊ आवाज आला.

"या, या. बसा की."

मग आईने आतल्या दिशेला तोंड करून हाक मारली, जरा चिडूनच.

"ऋतिका, किती जणांना बोलावलंस गो? आणि बसत का नाय कोण?"